शेवटची पंगत

मावसबहिणीचा साखरपुडा झाला आणि दुसऱ्या दिवशी सकाळीच तिचा मेसेज आला. "अक्का, तुझ्या लग्नातल्या सगळ्यांचे नंबर पाठव की. कार्यालय, आचारी, मांडव, वाजंत्री, गाड्या, फोटो." मी 'पाठवते' म्हणून लिहिलं, त्याला आज आठ दिवस झाले. नंबर सगळे फोनमध्ये आहेत, पाठवायला दोन मिनिटं लागतील. खरं नुसते नंबर पाठवले तर ती फोन लावून पहिला प्रश्न विचारणार, "रेट काय?" मीही तोच विचारला होता.

(आमच्या बेळगावात 'खरं' म्हणजे 'पण'. पुण्यात सहा वर्षं नोकरी करूनही हे सुटलं नाही, आणि सोडायचंही नाही.)

आमच्याकडे लग्नाची माणसं 'बुक' करत नाहीत, त्यांना सुपारी देतात. एकदा ऑफिसात दुपारच्या शांततेत मी बाबांना फोनवर जोरात विचारलं, "आचाऱ्याला सुपारी दिली का? सनईवाल्याला कधी देणार?" समोरच्या टेबलावरचा मुलगा चहा पिता पिता थांबला. त्याला वाटलं मी कुणाचा तरी काटा काढायला निघालेय. खरी सुपारी म्हणजे नारळ, विडा आणि वर एक रुपया लावलेली रक्कम. घरातल्या मोठ्या माणसाने ती हातात द्यायची, समोरच्याने कपाळाला लावून घ्यायची. ती घेतली की त्या दिवशी तो दुसऱ्या कुणाचा नाही. पावती नसते. म्हणूनच द्यायच्या आधी माणूस नीट बघून घ्यावा लागतो.

कसा बघायचा, हे मात्र मला आणि माझ्या होणाऱ्या नवऱ्याला, दोघांनाही ठाऊक नव्हतं. मी बेळगावच्या वडगावची, घरात माग होते, त्यामुळे धागा मोजायची सवय. तो निपाणीचा, घरी तंबाखूचा व्यापार, त्यामुळे पानाला हात लावून, वास घेऊन भाव ठरवायची सवय. मी एक्सेलची शीट केली. तो म्हणाला, माणसाचं तोंड बघू या. पहिले दोन महिने आमचं भांडण एवढ्यावरच चाललं होतं. (मी त्याला आजही निपाणीकर म्हणते, इथेही तेच म्हणेन.)

पहिल्यांदा आम्ही तारीख धरली होती २०२४च्या डिसेंबरातली. कोरडी हवा, थंडी, पुण्याच्या मित्रमंडळींना सुट्ट्या. बाबांनी ऐकलं आणि विचारलं, "डिसेंबरात? बेळगावात? मग पाहुण्यांना झोपवणार कुठं?" सुवर्ण विधानसौध २०१२ साली उभं राहिलं, तेव्हापासून बहुतेक वर्षी डिसेंबर आला की कर्नाटक विधिमंडळाचं हिवाळी अधिवेशन बेळगावात भरतं आणि गावातल्या बऱ्या लॉजच्या खोल्या आमदार, अधिकारी आणि पोलिसांसाठी अडकतात. त्यात त्या वर्षी १९२४च्या काँग्रेस अधिवेशनाची शताब्दी. गांधीजींनी आयुष्यात एकाच काँग्रेस अधिवेशनाचं अध्यक्षपद भूषवलं, ते आमच्या बेळगावात, टिळकवाडीत आज काँग्रेस विहीर आहे तिथे. शाळेत या गोष्टीचा फार अभिमान वाटायचा. लॉजवाल्याने "त्या आठवड्यात एक खोलीसुद्धा नाही" म्हणून सांगितलं तेव्हा तो थोडा कमी झाला.

म्हणून मे. मे म्हणजे वळीव, पाणीटंचाई, आणि चातुर्मास लागायच्या आधी लग्न उरकायला निघालेला अख्खा जिल्हा.

कार्यालयं तीन बघितली. पहिलं इतकं झगझगीत होतं की स्टेजवरच्या खुर्च्यांवर बसलो तर आपण लग्न करतोय की राज्याभिषेक, असा प्रश्न पडावा. मॅनेजर चांगला बोलणारा. मी शीट उघडून भाडं, खोल्या, डिझेलचे पैसे वेगळे की भाड्यातच, सगळं लिहून घेत होते आणि निपाणीकर गायब. मला राग आला. शोधत गेले तर हा मागच्या दाराशी, भांडी घासायच्या जागेवर, तिथल्या मावशींशी गप्पा मारतोय. बाहेर आल्यावर त्याने सांगितलं, "मे महिन्यात इथं नळाला पाणी पुरत नाही. टँकर मागवतात. पैसे लग्नवाल्यांचे." बेळगावला पाणी राकसकोप आणि हिडकल जलाशयांतून येतं, मेमध्ये त्यांची पातळी उतरलेली असते, हे मला लहानपणापासून माहीत. पाण्यासाठी भरून ठेवलेले पिंप बघत मी मोठी झालेय. तरी माझ्या शीटमध्ये पाण्याचा रकाना नव्हता. मॅनेजरनेही तो विषय काढला नव्हता.

त्यानंतर कुठेही गेलो तरी मी पुढच्या दाराने जायची आणि तो मागच्या. शेवटी घेतलं ते कार्यालय दिसायला साधं, फरशी जुनी, खरं आवारात विहीर. मालकांनी भाड्याच्या आधी विचारलं, "वऱ्हाड रात्री मुक्कामाला आहे काय? म्हातारी माणसं किती? वरच्या खोल्यांना जिना आहे, लिफ्ट नाही." स्वतःच्या जागेतली खोट स्वतःच्या तोंडाने सांगणारा आम्हाला भेटलेला हा पहिला माणूस.

पत्रिका, फुलं, जवळी यांवर फार लिहीत नाही. (जवळी म्हणजे लग्नाचा बस्ता. शब्द कन्नडातून आला आणि आमच्याकडेच राहिला.) शहापूरच्या खडेबाजारात आईने चार तासांत एकोणीस साड्या घेतल्या, आणि मागावर वाढलेल्या बाबांनी प्रत्येक साडीचा पदर उलटा करून बघितला. छापखान्यातल्या काकांचं मात्र सांगायलाच हवं. मजकूर देताना ते म्हणाले, "लाडाचं नाव कंसात घाला. लग्नाच्या नोंदणीला पत्रिका जोडायला लागते, आधारवरचंच नाव पाहिजे." मग विचारलं, "गाव काय घालायचं? बेळगाव की बेळगावी?" नोव्हेंबर २०१४पासून सरकारी नाव बेळगावी आहे. माझ्या चुलत्यांनी आयुष्यभर मोर्चे काढलेत, ते तिथेच उभे होते. काकांनी त्यांच्याकडे एकदा बघितलं आणि स्वतःच म्हणाले, "मराठी पत्रिकेत बेळगाव, कन्नड पत्रिकेत बेळगावी. चालतंय ना?" दीडशे पत्रिका कन्नडमध्ये काढल्या. त्यांचं प्रूफ गल्लीतल्या काकूंनी तपासलं आणि माझ्या सासऱ्यांच्या नावातली चूक काढली.

आता आचारी. खरा घोळ इथे झाला.

बेळगावात जेवणाचं दोन तऱ्हेने ठरतं. एक, ताटावर भाव. केटरर सगळं आणतो, आपण ताटं मोजायची आणि पैसे द्यायचे. दोन, मजुरी. आचारी सामानाची यादी देतो, रविवार पेठेतून सामान आपण आणायचं, तो आपल्या माणसांसह येऊन रांधतो. पहिल्यात डोक्याला ताप कमी. दुसऱ्यात कोठी सांभाळायला घरचा खमक्या माणूस लागतो. किल्ली त्याच्या कमरेला आणि लग्न लागतानाही तो कोठीच्या दारात. अक्षता तो तिथूनच टाकतो. आमच्या घरी असे एक मामा आहेत. तीस वर्षांत त्यांनी एकही लग्न मांडवातून बघितलेलं नाही.

एका केटररने आम्हाला चव बघायला बोलावलं. पाच माणसांसाठी सोळा पदार्थ. सगळे उत्तम. गाडीत बसल्यावर मी म्हटलं, ठरवून टाकू. निपाणीकर म्हणाला, "पाच माणसांचं माझी आईपण उत्तम करते." बोलणं लागलं, खरं मुद्दा बरोबर होता.

मग त्याच्याच डोक्यातून निघालेली कल्पना. एका आचाऱ्यांचं नाव तीन वेगवेगळ्या लोकांकडून ऐकलं होतं, खानापूरकडचे. त्या रविवारी त्यांचं एक लग्न आहे असं कळलं. आम्ही तिथे गेलो. आमंत्रण नव्हतं. नवरी कोण, नवरा कोण, काही माहीत नाही. पाकिटात एकशे एक रुपये घातले, अक्षता टाकल्या, वर जाऊन फोटोसुद्धा काढून घेतला. त्या जोडप्याच्या अल्बममध्ये आम्ही दोघं हसत उभे आहोत आणि 'ही कुठली गा?' म्हणून दोन्हीकडची माणसं डोकं खाजवत असतील.

पहिल्या पंगतीला बसायला निघाले तर त्याने दंड धरून थांबवलं. "शेवटच्या पंगतीला बसू या." दोन तास मी उपाशी. पहिल्या पंगतीत वाढपी पळत होते, भाताच्या मुदी एकसारख्या पडत होत्या, यजमान हात जोडून फिरत होते. तिसऱ्या पंगतीत यजमान दिसेनासे झाले. तीन वाजून गेल्यावर शेवटची पंगत बसली. कोण होते त्यात? बँडवाले, गाड्यांचे ड्रायव्हर, मांडवाची पोरं, कार्यालयातल्या भांडीवाल्या मावशी आणि आम्ही दोन चोर. आमटी गरम होती. भरलेली वांगी संपली होती, त्यांच्या जागी बटाट्याची भाजी नुकतीच फोडणी देऊन केलेली. आणि आचारी, साठीचा किडकिडीत माणूस, खांद्यावर पंचा, स्वतः तुपाची वाटी घेऊन पंगतीतून फिरत होते. वाढप्यांनी हात आखडला की मागून "हाकप्पा, हाकप्पा" (वाढ रे, वाढ) म्हणून ओरडत होते. एका ड्रायव्हरला त्यांनी मराठीत विचारलं, "पोट भरलं काय?" आणि त्याच्या शेजारच्याला कन्नडमध्ये, "ऊटा आतेन्री?"

हात धुताना मी म्हटलं, "हेच." रेट विचारला नव्हता.

नंतर घरी आले तेव्हा त्यांनी हिशेब तोंडपाठ सांगितला. हजार पानाला एक क्विंटल तांदूळ. पहिल्या दोन पंगतीत भाजी जास्त जाते, मग भात. उन्हाळा आहे, ताक वाढवा. आईने मांड्यांचं नाव काढलं तेव्हा मात्र त्यांनी यादीचा कागद खाली ठेवला. बेळगावचं लग्न आणि पानात मांडा नाही म्हणजे काय, असं आईचं म्हणणं. मांडा करणं म्हणजे पोळी लाटणं नव्हे. सैल कणीक हातावर घेऊन झुलवत, दोन्ही हातांवर पसरत रुमालासारखी पातळ करायची, उपड्या तापलेल्या खापरीवर अलगद टाकायची, आत साखर-तूप आणि गरम आहे तोवर घडी. घाई केली की फाटलाच. मुक्ताबाईने ज्ञानेश्वरांच्या पाठीवर मांडे भाजले म्हणतात. त्या गोष्टीतला चमत्कार पाठ तापण्यात आहे असं सगळ्यांना वाटतं. आमच्या आज्जीचं मत, एवढ्याशा पोरीला मांडा पसरता येत होता हाच चमत्कार.

"मांडे करणाऱ्या बायका आता थोड्या राहिल्या," आचारी म्हणाले. "दोघी माझ्या ओळखीच्या आहेत. दोन दिवस आधी करून ठेवतील, मांडा टिकतो. खरं आठशे मांडे होणार नाहीत. चारशे होतील. पानाला अर्धा वाढू." आईने घासाघीस केली, सहाशे तरी. त्यांनी मान हलवली. "होतो म्हणून सांगून त्या दिवशी तोंड लपवायचं काय?"

सुपारी बाबांनी दिली, अकराशे एक.

मांडववाल्याचं काम पटकन झालं. तो टेप काढायच्या आधी आमच्या दारातून गल्लीच्या टोकापर्यंत चालत गेला आणि विचारलं, "पाऊस आला की पाणी कुठून कुठं जातंय?" त्याने वरती कापडाऐवजी पत्रे सांगितले, मांडवाची शोभा गेली म्हणून मी तोंड वाकडं केलं. डीजेवाल्याने सांगितलं, रात्री दहानंतरही वाजवू, आमचं सेटिंग आहे. रात्री दहा ते सकाळी सहा ध्वनिक्षेपकाला बंदी आहे, २०००च्या नियमांपासून. सेटिंग बिघडलं तर पोलिस त्याला नव्हे, नवऱ्याच्या बापाला शोधत येणार. वाजंत्री घेतले सनई-चौघड्याचे, आणि वरातीला सासूबाईंच्या हट्टाखातर करडी मजल, म्हणजे करडी नावाच्या ढोलाचा ताफा. माझ्या दिरांनी दोन दिवस अबोला धरला.

गाड्यांचं गणित पुण्याच्या लोकांना समजावून सांगावं लागतं. वऱ्हाड निपाणीचं, गाड्या केए २३च्या, बेळगावच्या केए २२च्या. सासूबाईंचं माहेर कागलचं, तिकडच्या एमएच ०९. मध्ये कोगनोळीचा नाका. एरवी कुणाच्या डोक्यात काही येत नाही, दिवसाला हजारो गाड्या जातात. खरं २०२५च्या फेब्रुवारीत बेळगावजवळ एका कंडक्टरला मारहाण झाली, भाषेवरून, आणि दोन्ही राज्यांच्या बस काही दिवस एकमेकांकडे जाईनाशा झाल्या. आमची तारीख मेची. गाड्यांचं बघणाऱ्या माणसाने स्वतःहून फोन केला. "कागलच्या पाहुण्यांसाठी नाक्यापर्यंत तिकडची गाडी, नाक्यापासून माझी. चार दिवस आधी बघू. शांत असलं तर सरळ एकच गाडी, पैसे तेवढेच." शांतच होतं. त्याचं मात्र नाव माझ्या शीटमध्ये हिरव्या रंगात आहे.

राहिला फोटोवाला. त्याला मी निवडलं. एकटीने.

दोन होते. एक गावातला जुना स्टुडिओ, भिंतीवर निळा पडदा, त्यावर धबधबा. मालकांना ड्रोनचं विचारलं तर म्हणाले, "सांबऱ्याला विमानतळ, तिथंच हवाई दलाचं केंद्र, गावात मराठा लाइट इन्फंट्री. कुठं उडवता येतंय, कुठं परवानगी लागते, नकाशा बघितल्याशिवाय मी हो म्हणत नाही." मला ते रडगाणं वाटलं. दुसरा तरुण, त्याच्या रील्स बघून मी पुण्यात रात्री दोनपर्यंत जागी राहिलेली. पाऊस पडतोय, नवरी वळतेय, गाणं वर चढतंय. तो ड्रोनला लगेच हो म्हणाला. प्री-वेडिंगला राजहंसगडावर जाऊ म्हणाला. कशालाच नाही म्हणाला नाही. निपाणीकर म्हणाला, "ह्याच्या जुन्या गिऱ्हाइकाला एक फोन करू या." मी म्हटलं, सगळ्यात तुझंच चालतंय, हे एक माझं. तो गप्प बसला. गप्प बसायला नको होतं त्याने.

त्या वर्षी पावसाने सगळ्यांनाच चकवलं. मान्सून २४ मेला केरळात पोचला, आणि त्याच्या आधीच आमच्याकडे वळवाने धुमाकूळ घातला. हळदीच्या संध्याकाळी ढग असे फुटले की गल्लीतून पाटच वाहिला. मांडवाच्या एका कडेने. दुसऱ्या कडेला बायका जात्यावरच्या ओव्या म्हणत होत्या आणि पत्र्यांवरच्या आवाजात एकही ओवी ऐकू येत नव्हती. मी त्या पत्र्यांकडे बघून मनात हात जोडले.

लग्नात अक्षता पडल्या, आहेर झाले, पाया पडून पडून कंबर मोडली. आम्ही दोघं जेवायला बसलो तेव्हा साडेतीन वाजले होते. शेवटची पंगत. शेजारी बँडवाले नव्हते, ड्रायव्हर नव्हते. आचारी मामांनी त्यांना मधल्या पंगतीत बसवून मोकळं केलं होतं, परतीच्या वाटेवर पाऊस लागायच्या आत गाड्या निघाव्यात म्हणून. पानात भात, आमटी, ताजी बटाट्याची भाजी, ताक. मी मांड्याची वाट बघत होते. लहानपणापासून दुसऱ्यांच्या लग्नात खाल्लेला, आपल्या लग्नात आपल्या पानात पडणारा.

आचारी मामा पंच्याला हात पुसत आले. "मांडे संपले. निपाणीची साठ माणसं वाढली, आणि मी पोरांना हात आखडू नका म्हणून सांगितलं होतं. माझा अंदाज चुकला. मजुरीतनं कापा."

निपाणीकर भाताचा घास घेता घेता हसायला लागला. "मनातले मांडे," तो एवढंच म्हणाला. मामांनी त्याच्या भातावर तुपाची वाटी उपडी केली.

बाबांनी मजुरीतलं काही कापलं नाही. आईला अजून वाटतं, सहाशे सांगायला हवे होते.

आत्ता हे लिहून झाल्यावर बहिणीला नंबर पाठवले. कार्यालय, छापखाना, आचारी, मांडव, वाजंत्री, गाड्या. प्रत्येकापुढे दोन ओळी लिहिल्या. आचाऱ्यांपुढे लिहिलं, आधी त्यांच्या एखाद्या लग्नात उशिरा जेवायला जा, पाकीट न्यायला विसरू नको. दोन मिनिटांत उत्तर आलं, "अक्का, फोटोवाल्याचा राहिला की. तुझ्या रील्स काय भारी होत्या!"

रील्स लग्नाच्या तिसऱ्या दिवशी आल्या होत्या. सगळे पैसे चौथ्या दिवशी दिले. नंतर एक पेनड्राइव्ह आला, त्यात बाबांचा एकही सरळ फोटो नाही. गेल्या महिन्यात फोन केला तेव्हा तो कुठल्याशा प्री-वेडिंगला गोव्यात होता.

मी तिला लिहिलं, "अल्बम आला की पाठवते."